हकीकत हरणांच्या आचाऱ्याची

श्रीतापीमाई समर्थ.

मौजे तुकईथड येथे रानाला लागून असलेल्या शेतात मोहीम उभी राहिली, ते समयी तिच्या पदरी काय काय होते त्याची मोजदाद प्रथम. जमीन दोन एकर, पैकी नाल्याकडील पाव एकर निव्वळ खडक. माळा एक, चार खांबांचा, पैकी एक खांब वाळवीने खाल्लेला. राखणदार एक, नामे भिकन. गोफण एक. रॉकेलचा रिकामा डबा एक, वाजवण्याचा. शहरातून यावयाची बंदूक एक, दुनळी, कोरी, जिने अद्याप चिमणीसुद्धा उडवली नव्हती. काडतुसे सात. बंदूकवाल्याचे जोडे दोन, डावा आणि उजवा, नवे, करकर वाजणारे. हरणे किती हे कोणास ठाऊक नव्हते, आणि सारा खटाटोप त्यांच्याचसाठी होता.

शके अठराशे एकाहत्तर, विरोधीनाम संवत्सर. त्या काळी हिंदुस्थानचे राजेरजवाडे आपापली राज्ये दिल्लीच्या पदरी घालून, तनखा घेऊन स्वस्थ जाहले, आणि राज्ये गेली तशी निशाणे गेली, हत्ती गेले, चोपदार गेले, आणि मग शिकारखानेही गेले. सातपुड्यापलीकडे एक संस्थान होते, इतके लहान की नकाशात त्याचे नाव लिहावे तर शेवटची दोन अक्षरे शेजारच्या मुलखात जात. त्याच्या शिकारखान्याचे दारोगा मधुकरराव, उमर पन्नाशीची, चाकरी संपली म्हणोन बुऱ्हाणपुरास लोधीपुऱ्यात आपल्या घरी परत आले. येताना बरोबर एक ट्रंक, एक छत्री आणि दारोगा हा किताब, एवढीच दौलत होती.

या दारोगांनी उभ्या चाकरीत बंदूक एकदाही झाडली नव्हती, आणि यात लपवण्याजोगे काही नव्हते. बार महाराजांनी काढावा आणि महाराजांच्या नळीसमोर हरिण आणून उभे करणे दारोगांनी पाहावे, ऐसा तेथला दस्तूर. त्यासाठी रानाच्या पोटात हिरवळ पेरावी, मिठाचे खडे ठेवावे, वारा कोणीकडून वाहतो ते चिमूटभर राख उडवून पाहावे, आणि हरणांस त्या जागेची इतकी सवय लावावी की त्यांनी ती आपलीच समजावी. हे काम मधुकररावांनी असे केले की महाराजांचा नेम चुके, पण हरिण चुकत नसे. मग महाराज वारले आणि हरणेही सरकारजमा जाहली. तरी मधुकरराव रोज सकाळी दाढी करोन, टोपी घालून, ओट्यावर तयार बसत, जणू आताच कोणी बोलावू येईल.

त्यांची धाकटी बहीण गोदाबाई त्याच आळीत गजाननरावांना दिली होती. गजाननराव म्हणजे सुताचे मोठे व्यापारी. अर्ध्या शहराचे माग त्यांच्या लडींवर चालत. मूळ मात्र शाहपुरचे, केळीच्या मळ्यात जन्मलेले, आणि ते मूळ त्यांनी रेशमी उपरण्याखाली नीट झाकून ठेवले होते. पैसा आला, घर जाहले, ग्रामोफोन जाहला, मग शिकारीचा शौक करावा ऐसे त्यांच्या मनाने घेतले, आणि भाद्रपदात परवाना काढून त्यांनी दुनळी आणविली. तिचे दर्शन देण्याकरिता त्यांनी ओट्यावर दरबार भरवला. आळीतील मातब्बर मंडळी जमली, चहा फिरला, आणि मग खासा गजाननरावांनी मेहुण्याकडे मोहरा वळवला.

"काय मधुकरराव, राज्य गेलं, राजा गेला, अन् तुम्ही अजून दारोगाच? कोणाचे? या गल्लीच्या कुत्र्यांचे?"

"दाजी, हरिण कुठं असतं ते मला ठाऊक आहे. तुम्हाला फक्त बंदूक कुठं आहे ते ठाऊक आहे."

"अहो, तुम्ही तर हरणांचे आचारी! तुम्ही रांधायचं, तुम्ही वाढायचं, अन् मारायचं राजानं!"

ओटा हसला. चहावाला हसला. मधुकररावांच्या कपातला चहा बशीत सांडला आणि त्यांनी तो शांतपणे परत कपात ओतला. मग त्यांनी भर सभेत कौल दिला तो ऐसा: गजाननरावांनी जागा द्यावी, आणि तेथे आपण नळीपासून पंचवीस पावलांच्या आत नर चितळ आणून उभे करू. गजाननरावांनी जबाब दिला तो ऐसा: चितळ उभे राहिल्यास आपण भल्या माणसांदेखत यांना दारोगासाहेब म्हणू आणि दुकानाचा विषय जन्मात काढणार नाही, न राहिल्यास यांनी किताब टाकून सुताच्या दुकानी गादीवर बसावे आणि लडी मोजाव्या. दुकानाचा विषय पूर्वी अनेकदा निघाला होता आणि दर वेळी मधुकररावांना खोकला येऊन तो टळला होता. या वेळी खोकला कामास आला नाही.

मुदतीचा बंदोबस्त गोदाबाईंनी केला. त्यांनी आतून फर्मावले की घरात चातुर्मास आहे, सबब तुळशीचे लग्न लागेपर्यंत बंदूक खुंटीवरून निघणार नाही. पुढे मार्गशीर्ष लागताच ती पुन्हा खुंटीवर जाईल. मधला कार्तिकातला वद्यपक्ष, तेवढा पुरुषांचा. यावर अपील नव्हते. त्याच आठवड्यात त्यांनी दुकानातल्या गादीला नवी खोळ शिवायला टाकली आणि भावाला सांगितले, "दादा, तू हरलास तर निदान गादी तरी चांगली मिळेल." मधुकररावांना त्यातली माया कळली आणि ती त्यांना ओट्यावरच्या हसण्याहून जड गेली.

जागा ठरली तुकईथडची. गजाननरावांचा तो तुकडा रानाच्या तोंडाशी होता, आणि दर साली त्यात कपाशी पेरावी आणि दर साली हरणांनी ती खावी, ऐसा क्रम चालल्यामुळे यंदा तो पडीक टाकला होता. गजाननरावांनी तो मोठ्या उदार मुद्रेने दिला. मधुकररावांनी तो पाहताच मनात म्हटले की हरणे जेथे न बोलावता येतात तेथे बोलावल्यावर कशी येणार नाहीत? ही मसलत कागदावर बिनतोड होती. कागदावर भिकन नव्हता.

पिकाची निवड दारोगांनी जातीने केली. सरकारी मळ्यातून त्यांनी बरसीम नामे चाऱ्याचे बी आणविले. हे तीन-तीन पानांचे कोवळे गवत, पाणी मिळाले की दिवाळीनंतर ऐन भरात येते. तोवर रानातले गवत वाळून कडक होते, आणि मग हरिण त्या हिरव्या पात्याकडे असे ओढले जाते जसा लग्नघरी आलेला पाहुणा पंगतीकडे. घटस्थापनेच्या मुहूर्तावर भिजवलेले बी चिखलात मूठमूठ फोकिले. भिकनाने नाल्यावरून पाणी दिले. त्याची बायको मनकर्णा बांधावर उभी राहून सर्व पाहत होती. तिने विचारले,

"भाऊ, हे कोनासाठी पेरू राह्यले?"

"हरणांसाठी."

"गाईसाठी नई?"

"नाही. हरणांसाठी."

मनकर्णेने पदर तोंडाशी धरला. "अन् आमची कपाशी खातेत तवा त्याईले गोटे मारतो आमी. आता ताट वाढून बोलावनार! हरनांचं पुण्य मोठं आहे बावा."

मग दारोगांनी भिकनास हुकूम दिला, आणि तो संदिग्ध नव्हता: गाय, म्हैस, शेळी, कोणाचेही ढोर शेतात शिरू देऊ नये, हरिण आल्यास येऊ द्यावे, खाऊ द्यावे, आणि आपण माळ्यावर गुमान बसावे. भिकनाने मान डोलावली. हुकूम त्याला शब्दन् शब्द कळला. फक्त कोणी शहाणा माणूस असे खरेच म्हणत असेल यावर त्याचा विश्वास बसला नाही. शहरातली माणसे बोलतात काही, इतकेच त्याने धरले.

दिवाळी गेली. बरसीम गुडघ्यास लागली, आणि वाऱ्यावर ती हलली की दोन एकरांवर हिरवा शालू झटकल्यासारखे दिसे. दारोगा खकनारपर्यंत लॉरीने आणि पुढे छकड्याने दर चार दिवसांनी पाहणीस येत. हरणाने खाल्लेले पाते एक नाही. शेंडा तुटला नाही, लेंडी पडली नाही. भिकन विचारताच सांगे, "बिलकुल बेफिकर राहा साहेब. एक पान नई हाललं." दारोगांची झोप उडाली. त्यांनी राख उडवून वारा पाहिला, वारा ठीक. बरसीम चावून पाहिली, गोड. खोळ शिवून आल्याचा निरोप त्याच दिवशी आला.

मग तुळशीचे लग्न लागले आणि मुदत सुरू जाहली. दारोगांनी बांध धरून नाल्याकडची माती ओणवे होऊन तपासली, तो तेथे खुरांचे ठसे. एकदोन नव्हेत, कळपचे कळप. ठसे बांधापर्यंत येत आणि तेथून एकदम लांब ढांगांनी माघारी फिरत. मग त्यांनी बरसिमेत हात घातला तो हाताला गोटे लागले, गुळगुळीत, नाल्यातले, लिंबाएवढे. शत्रू कोण ते तेव्हाच ध्यानी आले, पण दारोगांनी पुराव्याशिवाय न्याय करावयाचा नाही ऐसा शिकारखान्याचा शिरस्ता पाळला, आणि त्या सांजेस ते भिकनाशेजारी माळ्यावर जाऊन बसले.

सूर्य डोंगराला टेकला. नाल्यातून एक मादी वर आली, कान फिरवून उभी राहिली, मागे दुसरी, मागे पाडस. इतक्यात शेजारी भिकन उठला, डबा बडवला, आणि त्याच्या गळ्यातून जी आरोळी निघाली ती मेलेल्या महाराजांनाही ऐकू गेली असावी:

"हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽ!"

गोफण फिरली, गोटा सुटला, नाला रिकामा जाहला. आणि भिकन दारोगांकडे वळून असा हसला जसा गड राखलेला किल्लेदार धन्याकडे पाहून हसावा.

"भिकन," दारोगा म्हणाले, "मी काय सांगितलं होतं?"

भिकनाचे हसू विरले. त्याने हाताकडे पाहिले, गोफणीकडे पाहिले.

"सांगेल होतं साहेब. मले याद आहे."

"मग?"

"मी नई उठवत. हात उठून जातो. हिरवं दिसलं अन् त्यात जनावर दिसलं का गळा आपोआप सुटतो. बापाचा सुटे, आज्याचा सुटे. आता मी काय करू? गळा काढून ठेवू का घरी?"

खालून मनकर्णा म्हणाली, "काढूनच ठेवा. रात्री घोरन्यात बी तेच हुर्र चालते त्याईचं."

दारोगांना राग यावयास हवा होता, परंतु आला नाही. कारण बावीस वर्षे हरणांची सवय मोडण्याघडवण्यात गेलेल्या माणसास माणसाची सवय हा विषय नवा आणि विचार करण्याजोगा वाटला. त्यांनी प्रथम राखणच उठवून पाहिली. भिकनाला दोन दिवस घरी बसवले. पहिल्याच दुपारी धुरपदाबाई नामे शेजारणीच्या शेळ्यांनी उत्तरेचा मोर्चा फोडला आणि कोपरा साफ केला. धुरपदाबाईंचा जबाब असा की राखणदार नाही म्हणजे शेत मोकळे, यात शेळ्यांचा काय गुन्हा? तेव्हा राखण पाहिजे आणि आरोळी नको, ऐसा पेच पडला, आणि मुदत तर ओसरत चालली.

मग नवा तह जाहला. गोफण जप्त. डबा जप्त, तो मनकर्णेच्या चुलीशी नजरकैदेत. ढोर दिसल्यास भिकनाने खुशाल ओरडावे. हरिण दिसताच त्याने फेट्याचा शेव, म्हणजे टोक, तोंडात कोंबावा, दोन्ही हात मांडीखाली घ्यावे आणि हरिण जाईतो तसेच बसावे. ही कवाईत दारोगांनी रोज सांजेस स्वतः शेजारी बसून करविली. पहिल्या दिवशी शेव उशिरा पोचला आणि आरोळी अर्धी निसटली. दुसऱ्या दिवशी नुसते "हा" निघाले. पुढे उचकी निघाली. मग एके सांजेस काहीच निघाले नाही, फक्त भिकनाच्या डोळ्यांतून पाणी वाहिले, कारण एक पाडस त्याच्या डोळ्यांसमोर वाफ्यात लोळत होते.

"बापानं पाह्यलं असतं तं मले घरात घेतलं नसतं," तो फेटा काढून म्हणाला.

"माझ्या महाराजांनी पाहिलं असतं तर तुला पोशाख दिला असता," दारोगा म्हणाले.

येणेप्रमाणे हरणांची भीड मोडली. कळप बांध ओलांडू लागला आणि दर सांजेस दोन-दोन हात पुढे सरकू लागला. दारोगांनी गजाननरावांस निरोप धाडला की यावे. गजाननरावांचा उलट निरोप आला की लग्नसराईचा माल निघत आहे, सवड नाही. दुसरा निरोप गेला, तो जबाब तोच. दारोगांना हा डाव वाटला, आणि डावही असेल. अखेर गोदाबाईंनी आतून हुकूम सोडला की दादाला शब्द दिला आहे तो पाळावा, नाही तर बंदूक बोहारणीस देण्यात येईल. तेव्हा कार्तिक वद्य चतुर्दशीस, म्हणजे मुदत संपण्यास एकच दिवस उरला असता आणि तो दिवसही अमावास्येचा, म्हणून कामाचा नव्हे, खाशांची स्वारी छकड्यात बसून तुकईथडास दाखल जाहली.

दारोगांनी वारा पाहिला, तो नाल्याकडून माळ्याकडे वाहत होता, अनुकूल. मग तिघे माळ्यावर चढले. वाळवीचा खांब गजाननरावांच्या वजनाने कुरकुरला, जोडे करकरले, आणि दारोगांनी विनंती केली की जोडे काढून ठेवावे. खाशांनी ते काढून शेजारी जोडीने मांडले. भिकनाने न सांगता शेव तोंडात कोंबला आणि हात मांडीखाली घेतले. ते पाहून गजाननराव कुजबुजले,

"याला काय झालं? दात दुखतो का?"

"ओरडण्याची खोड आहे. बंदोबस्त केला आहे."

"गावंढळ लोक," गजाननराव म्हणाले, आणि त्यांनी दुनळीत दोन काडतुसे भरली.

उन्हे पिवळी जाहली आणि बरसीम त्या उजेडात आतून दिवा लावल्यासारखी दिसू लागली. प्रथम म्हातारी मादी आली. तिच्यामागे बाकीच्या आल्या, पाडसे आली, आणि मग सर्वांच्या शेवटी, सरदाराने यावे तसा, नर आला. त्याची शिंगे ऐन वाढीची होती आणि अंगावरचे ठिपके मोजून घ्यावे इतके स्पष्ट होते. तो खात खात थेट माळ्याकडे चालत आला, आणि मान खाली घालून उभा राहिला. कातरल्यासारखा आवाज येत होता, करकर, करकर, सतरा तोंडांचा. शिकारखाना बुडाल्यापासून ही पहिलीच सांज अशी होती की आपण कोण, हा प्रश्न दारोगांना पडला नाही. त्यांनी एक नजर भिकनावर ठेवली. भिकनाचे गाल फुगले होते, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, परंतु शेव जागेवर होता.

"दाजी," दारोगा ओठांत म्हणाले, "आता."

गजाननरावांनी बंदूक खांद्यास लावली. एक डोळा मिटला. उघड्या डोळ्याने त्यांनी नळीवरून पाहिले, आणि त्यांस नर दिसला, नराच्या तोंडात हिरवा घास दिसला, घासामागे दुसरा घास, आणि मग सारे शेतच दिसले, दोन एकर कोवळे पीक, आपले स्वतःचे, आणि त्यात सतरा जनावरे मोकाट चरताना. बंदूक हलली. खाली आली. अंगावरचे उपरणे घसरले. सुताचे व्यापारी, ग्रामोफोनचे मालक गजाननराव कोठेच राहिले नाहीत, आणि शाहपुरच्या मळ्यात केळीच्या कोंबांवर राखण करीत वाढलेला पोरगा माळ्यावर ताडकन उभा राहिला.

"हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽ! खाल्लं रे, खाल्लं! समदं खाल्लं भडव्यांनी!"

आणि हाताला दुसरे काही लागेना म्हणोन त्यांनी उजवा जोडा उचलून भिरकावला. शेतात एकच पांढऱ्या शेपट्यांची धांदल उडाली, नाल्यात दगड घरंगळले, मग सगळे शांत जाहले. वाळवीचा खांब तेवढा थोडा वेळ थरथरत राहिला.

भिकनाने तोंडातला शेव हळूच काढला.

"साहेब, मी नई हं," तो म्हणाला. "म्या तोंड बांधेल होतं."

गजाननराव आपल्या रिकाम्या हाताकडे पाहत उभे होते. मग त्यांनी उपरणे उचलले, झटकले, खांद्यावर घेतले, आणि एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला, कारण माळ्याच्या फळ्या गार होत्या.

"दारोगासाहेब," ते म्हणाले, "जोडा कुठे पडला बघा जरा."

हे शब्द भिकनाने ऐकले आणि खाली बांधावर मनकर्णेने ऐकले. तिने दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईंस सांगितले, आणि मग ते लोधीपुऱ्यात पोचण्यास लॉरीहून अधिक वेळ लागला नाही. दारोगा माळ्यावरून उतरले. जोडा पाहण्याआधी त्यांनी नराच्या खुरांचा ताजा ठसा शोधला, तेथे काडी रोवली, आणि भिकनास मोजणीस लावले. गादीची नवी खोळ गोदाबाईंनी घडी घालून ट्रंकेत ठेवली. येणेप्रमाणे तुकईथडची मोहीम फत्ते जाहली. तिचा हिशेब:

चितळे आली सतरा, पैकी नर एक. माळ्याच्या बुडापासून नराच्या खुरापर्यंत अंतर अठरा पावले, दोनदा मोजले. काडतुसे सात नेली, सात परत आणिली. जोडे दोन नेले, एक परत आणिला.